अप्पा, मी जेवले

आमच्या हितेंद्रला मुलगी झाली आणि तिचं नाव नूपुर ठेवलं, ते २०२२ साल. बारशाला चाळीतल्या सगळ्या बायका आमच्या लालबागच्या खोलीत दाटीवाटीने बसल्या होत्या. माझ्या सुनेने, आकांक्षाने, बाळाचं नाव मोठ्या अक्षरांत छापून पाळण्याला लावलं होतं. शेजारची मालन त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काय गो सुभद्रा, ह्या काय लिवलेला आसा?"

मी वाचून दाखवलं. मालन म्हणाली, "माका पण शिकव मगे."

मलाही छप्पन्न वर्षांची होईपर्यंत वाचता येत नव्हतं. माझी खानावळ होती. गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळीवरून सुटलेली माणसं माझ्याकडे जेवायला यायची आणि माझा सगळा हिशोब तोंडी असायचा. गिरण्या गेल्या, जेवणारे गेले. पुढे गणपती मंडळाच्या खोलीत एक बाई मोठ्यांना शिकवायला येऊ लागल्या. तिथे मी अक्षर शिकले. त्यामुळे मालनला नाही म्हणायला तोंड नव्हतं.

बाजारातून बालवाडीचं पुस्तक आणलं. पहिल्या पानावर अननस होता. मालन म्हणाली, "अननस घेऊन मी काय करू? माका औषधाची पट्टी वाचूक व्हयी. बसचो बोर्ड वाचूक व्हयो." ती म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं. म्हाताऱ्या माणसांनी शिकावं असं पुस्तक मला दुकानात मिळेना. तेव्हा ठरवलं, आपणच करायचं. पहिला धडा औषधाचा, दुसरा बसचा, तिसरा लाइट बिलाचा, आणि अक्षर बताशाएवढं.

आकांक्षाने आपला जुना लॅपटॉप मला दिला आणि त्यात 'पोथी' नावाचा प्रोग्राम घालून दिला. पुस्तकाची पानं लावायला तो वापरतात. फुकट मिळतो. जगभरातली माणसं आपल्या रिकाम्या वेळात तो बनवतात आणि कोणी अडलं तर इंटरनेटवर त्यांच्या चर्चेच्या जागी विचारायचं. तिथे मराठीचा वेगळा विभाग आहे. त्याला 'मदत कट्टा' म्हणतात.

"आई, मी ऑफिसला गेल्यावर काही अडलं तर तिथे लिहा," आकांक्षा म्हणाली. "मला फोन करू नका. माझा बॉस सासूपेक्षा कडक आहे."

"मेल्याला माझ्याकडे जेवायला पाठव," मी म्हटलं, "कडकपणा उतरवते."

चौथ्या पानावर मी अडले. अक्षर मोठं केलं की जोडाक्षरं सुटी व्हायची. डॉक्टर लिहिलं तर क आणि ट एकमेकांना सोडून उभे राहायचे. मी एक एक अक्षर शोधत कट्ट्यावर लिहिलं: "माझा डॉक्टर फुटला आहे. मदत करा."

थोड्या वेळात उत्तर आलं. उत्तर देणाऱ्याचं नाव नुसतं 'अप्पा, गिरगाव' असं होतं.

"सुभद्राबाई, डॉक्टर फुटला म्हणजे पेशंट वाचला. इलाज आहे माझ्याकडे. आधी सांगा, गाव कोणतं आणि जेवलात का?"

मी ते दोनदा वाचलं. जन्मभर हा प्रश्न मी लोकांना विचारत आले. मला कोणी विचारत नव्हतं, त्यात घरच्यांचा दोष नाही. जेवण करणारी बाई जेवली असणारच, असं सगळे धरून चालतात. दुपार उलटून गेली होती आणि मी जेवले नव्हते. मी उठले, जेवले, ताट धुतलं आणि मग लिहिलं, "गाव कुडाळकडचं. आत्ता जेवले."

"आता बोला," अप्पांनी लिहिलं. "तुम्ही जो फॉन्ट घेतलाय त्याला मराठीचं वळण नाही. तो पाहुणा आहे, साध्या अक्षरांशी हसून बोलतो, जोडाक्षर आलं की घाबरतो. खाली दुसऱ्या फॉन्टचं नाव देतोय. तो घ्या. नाहीच सांधला डॉक्टर तर मी स्वतः प्लास्टर घेऊन येतो."

डॉक्टर सांधला.

त्या दिवसापासून मला काही अडो न अडो, मी कट्ट्यावर जाऊन अप्पांची उत्तरं वाचू लागले. माझं वाचन हळू. एका उत्तराला दुपारचा अर्धा वेळ जायचा. पण एवढं हसणं माझ्या वाट्याला आधी कधी आलं नव्हतं. नांदेडच्या एका मुलाने रडत लिहिलं होतं की कॉम्प्युटरने त्याची चाळीस पानं खाऊन टाकली. अप्पांनी लिहिलं, "एवढं खाल्ल्यावर ढेकर आला असेलच. 'बॅकअप' नावाच्या फोल्डरात बघ, तिथे तो ढेकर देतो." पानं तिथेच होती. एका मास्तरांची सगळी छपाई उलटी येत होती. त्यांना लिहिलं, "सर, कागद उलटा घातलाय. प्रोग्राम निर्दोष आहे, त्याला जामिनावर सोडा." आणि प्रत्येक उत्तराच्या आधी तेच दोन प्रश्न. गाव कोणतं? जेवलात का?

सकाळी लिहा, संध्याकाळी लिहा, अप्पा हजर. त्यांना याचा एक पैसा मिळत नव्हता. आणि तोच प्रश्न दहाव्यांदा आला तरी दहाव्यांदा ते नवीन काहीतरी गमतीचं लिहायचे. माझ्या पुस्तकाची पानं पुढे सरकत होती ती त्यांच्या जिवावर.

मग अमितची तक्रार आली.

अमित नवीन होता. त्याने पानाच्या कडेला किती जागा सोडायची, म्हणजे समासाबद्दल, विचारलं होतं. अप्पांनी नेहमीसारखं गाव विचारलं. त्यावर त्याने सगळ्यांसमोर लिहिलं:

"मी समासाबद्दल विचारलं, तुम्हाला गाव कशाला पाहिजे? आधी गाव विचारतात, मग आडनाव विचारतात, मग त्यावरून काय ओळखायचं ते ओळखतात. शाळेत झालं, भाड्याची खोली बघताना झालं, नोकरीत झालं. इथे तरी नको."

अप्पांनी त्याला उत्तर दिलं नाही. दिवसभर कट्ट्यावर ते काही बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावाखाली लाल अक्षरांत सूचना आली, की खासगी माहिती विचारल्याबद्दल आणि विषय सोडून लिहिल्याबद्दल या सदस्याला थांबवलं आहे. कायमचं काढायचं की नाही ते 'पोथी'ची समिती ठरवेल. तिथे लक्ष ठेवायला नवीन यंत्र, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, आणलं होतं. तक्रार आल्यावर त्या यंत्राने अप्पांची सगळी जुनी उत्तरं तपासली आणि त्याला सगळीकडे तोच गुन्हा सापडला.

मी आकांक्षाला विचारलं, "काढलं तर पुन्हा घेतात काय?"

"नाही आई. एकदा काढलं की गेलं."

अप्पांच्या जागी यंत्रच उत्तरं देऊ लागलं. सांगलीच्या एका बाईने पानावर फुलाची नक्षी कशी घालायची ते विचारलं. यंत्राने तिची क्षमा मागितली, तिला शुभेच्छा दिल्या, इंग्रजी पानाचा पत्ता दिला आणि पुन्हा क्षमा मागितली. नक्षी राहिली बाजूला.

मला राग आला. अमितचा नाही. तो बोलला ते मी ऐकलेलं होतं, खानावळीत पंगतीला कोण कोणाच्या शेजारी बसत नाही ते मी डोळ्यांनी बघितलेलं होतं. राग आला तो एवढ्या चांगल्या माणसाला लाल अक्षरांत उभं करून कोणी त्याला एक शब्द विचारला नाही, याचा. मी लॅपटॉप उघडला आणि कट्ट्यावर लिहिलं:

"अप्पा, मी जेवले. भाकरी आणि सुकटीची चटणी."

यंत्राने ते पुसून टाकलं. विषय सोडून लिहिलं म्हणे. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा लिहून बघते तर खाली नांदेडच्या त्या मुलाचं आलेलं: "अप्पा, मी जेवलो. मेसचं वरण, आज डाळ दिसली." मग मास्तरांचं: "अप्पा, उपास आहे, पण साबुदाणा दोनदा घेतला." सांगलीच्या बाईंचं: "अप्पा, जेवले. नक्षी राहिली आहे." दुबईहून कोणीतरी, पुण्याहून कोणीतरी, एक पोलीस, एक नर्स. कोणाचा डबा विसरला होता, कोणी वडापाववर भागवलं होतं, कोणाची बायको माहेरी गेली होती आणि तो तीन दिवस ऑम्लेट खात होता. यंत्र पुसत होतं, माणसं लिहीत होती. पुसलं की लोक दुसरी भाजी लिहायचे.

दोन दिवसांनी मला फोन आला. उन्मेष म्हणून एक जण दादरला राहतो. 'पोथी' मराठीत आणण्याचं काम त्याने केलं होतं आणि परदेशातल्या समितीशी बोलणारा आपल्याकडचा तोच. माझा नंबर त्याला आकांक्षाकडून मिळाला होता.

"मावशी, हे तुम्ही काय सुरू केलंय?" तो हसत होता की वैतागला होता, कळेना. "तिकडच्या लोकांना वाटतंय, कोणी हल्ला केलाय. सुकटीच्या चटणीचं भाषांतर यंत्राने 'वाळलेल्यांना ठेचणे' असं केलं. त्यांना ती धमकी वाटली."

"वाटू दे," मी म्हटलं. "चार दिवस घाबरून तरी राहतील."

"समितीने रविवारी मिटिंग ठेवलीय. सगळ्यांसमोर निर्णय घेणार. पण अप्पांनी स्वतः त्यात हजर राहून बोलायला पाहिजे, नाहीतर त्यांना काढणार. मी रोज मेल पाठवतोय, ते उत्तर देत नाहीत."

"फोन कर."

"नंबर कोणाकडेच नाही. मागे एकदा त्यांना भेट म्हणून टी-शर्ट पाठवला होता, तेवढा पत्ता आहे."

"मग बसलास काय? चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ठाकूरद्वारला उतरलो. उन्मेष चष्मेवाला, नीटनेटका, पायात बूट. खोताच्या वाडीच्या पुढे एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर अप्पांची खोली होती. बेल वाजवली. उंच, वाळलेल्या माणसाने दार उघडलं. गळ्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला. त्यांनी हात जोडले, खुर्च्या दाखवल्या, पण तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, रागावलेत.

मग त्यांनी खिडकीतली पाटी घेतली, पेन्सिलीने लिहिलं आणि माझ्यापुढे धरली.

उन्मेष वाचायला तोंड उघडणार होता. अप्पांनी त्याला बोटाने गप्प केलं आणि पाटी माझ्याचकडे ठेवली. मी बोट फिरवत वाचलं. "घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. आगाऊपणा राहिला. मी शरच्चंद्र. जेवलात का?"

माझं वाचून होईपर्यंत त्यांनी पाटी पुसली नाही. पुढेही नाही. उन्मेष एका नजरेत वाचून चुळबुळत बसायचा आणि अप्पा शांतपणे माझं बोट शेवटच्या अक्षरावर पोचायची वाट बघायचे.

ते एका मोठ्या कचेरीत चौकशीच्या खिडकीत बसायचे. पाटीवर थोडं थोडं करून त्यांनी सांगितलं. बाहेरगावची माणसं पहाटे निघून रांगेत उभी राहायची. कोणत्या गावची आहेत ते कळलं तर परतीची शेवटची गाडी चुकणार नाही असं बघून त्यांचं काम आधी करता यायचं. उपाशी असतील तर आधी खाली कँटीनला पाठवायचं, कारण उपाशी माणूस सही चुकीच्या जागी करतो. नोकरी संपली, पुढे आवाजही गेला, तेव्हा त्यांनी कट्ट्यावर खिडकी उघडली. प्रश्न तेच राहिले.

"हेच समितीला सांगा ना," उन्मेष म्हणाला. "संपलं काम."

अप्पांनी मान हलवली. लिहिलं, "मुलगा बरोबर बोलला."

मी वाचलं. उन्मेष काही बोलणार तेवढ्यात त्यांनी पुढे लिहिलं, "मी खिडकीच्या आत होतो. मला कधी कोणी गाव विचारून खाली बसवलं नाही. म्हणून लक्षात आलं नाही. एवढी वर्षं किती जणांना टोचलं असेल? आता कोणत्या तोंडाने परत जाऊ? काढू देत."

उन्मेष खुर्चीत मागे टेकला. मला मात्र राहवलं नाही.

"काय हो अप्पा, मुलगा बरोबर बोलला तर ते त्या मुलाला सांगायला नको? इथे खोलीत बसून पाटीला सांगताय. पाटीला काय आडनाव आहे?"

अप्पांनी पाटी मांडीवर ठेवली.

"माझ्या खानावळीत एकदा आमटी खारट झाली. एकाने सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं. मला लाज वाटली. म्हणून मी दार लावून बसले असते तर पाळीवरून आलेली माणसं काय खाणार होती, माझी लाज? आमटीत पाणी घातलं, बटाटे टाकले, पुन्हा वाढली. तुम्ही गाव विचारू नका, झालं. पण वाढायला या."

त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, पण ते हसत होते. आवाज नसलेलं हसणं मी पहिल्यांदा बघितलं. मग त्यांनी लिहिलं, "येतो. पण बोलणार कोण?"

"मी वाचेन पाटीवरचं," उन्मेष म्हणाला.

"तू वाचलंस तर सरकारी वाटेल," अप्पांनी लिहिलं. आणि पाटी माझ्याकडे वळवून खाली: "तुम्ही वाचा."

"मी? अहो, मी अडखळते."

"अडखळा. तेवढ्यात ते विचार करतील."

रविवारी दुपारी आम्ही तिघं अप्पांच्या टेबलाशी बसलो. लॅपटॉपवर चौकोनात माणसं दिसू लागली. समितीच्या प्रमुख इलोना नावाच्या हंगेरीच्या बाई होत्या, माझ्यासारखे पांढरे केस. त्यांच्या खालच्या चौकोनात एक दाढीवाले गृहस्थ होते, ते सारखे कागद चाळत होते. आपली मराठी माणसं एवढी आली होती की पानं उलटत जावं लागत होतं. मला नांदेडचा मुलगा दिसला, मास्तर दिसले. एक चौकोन काळा होता, त्यावर फक्त 'अमित' लिहिलेलं.

इलोनाबाई इंग्रजीत बोलल्या, उन्मेषने मराठीत सांगितलं. "त्या विचारतायत, तुमच्यावरचा आरोप तुम्हाला मान्य आहे का?"

अप्पांनी लिहिलं.  एवढ्या माणसांपुढे मी कधी वाचलं नव्हतं. मी बोट पाटीवर ठेवलं.

"नमस्कार. मी सगळ्यांना... गाव विचारत होतो. मनात वाईट नव्हतं. पण माझ्या मनातलं... समोरच्याला दिसत नाही. त्याला फक्त प्रश्न दिसतो." अप्पांनी पाटी पुसली, पुन्हा लिहिली. "अमित, तुला त्रास झाला. चूक माझी. यापुढे कोणाला गाव विचारणार नाही. मी माझं सांगेन, गिरगाव. तुम्ही सांगायची गरज नाही."

'त्रास'पाशी मी दोनदा थांबले. कोणी हसलं नाही. उन्मेष इंग्रजीत सांगत होता तेव्हा दाढीवाल्यांनी कागद चाळायचं थांबवलं.

इलोनाबाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "हे चांगलं झालं. आणि जेवणाचा प्रश्नही यापुढे विचारणार नाही असं धरू ना? तोही विषय सोडूनच आहे."

अप्पांनी पेन्सिल घेतली आणि पाटी भरून मोठ्या अक्षरांत लिहिलं. एवढं मोठं अक्षर मला बोट न लावता वाचता आलं.

"ते सोडणार नाही!" मी वाचलं, आणि जरा जोरातच वाचलं.

उन्मेष कुजबुजला, "अप्पा, थोडं सौम्य करून सांगू का?"

"जसं आहे तसं सांग रे," मी म्हटलं. "मी एवढी अडखळून वाचते आणि तू त्याला साखर लावतोस?"

त्याने सांगितलं. इलोनाबाईंनी भुवया वर केल्या आणि विचारलं, "का?"

पाटीवर आलं ते मी वाचलं. "उपाशी माणूस घाई करतो. घाईत सेव्ह करत नाही. पानं गेली की प्रोग्रामला शिव्या घालतो. मी जेवायला पाठवतो. जेवून येईपर्यंत निम्म्यांचं अडलेलं आपोआप सुटतं. उरलेल्यांचं मी सोडवतो. तुमच्या यंत्राने आजवर एकाला तरी जेवायला पाठवलं का?"

आपल्या माणसांनी चौकोनाचौकोनात टाळ्या वाजवल्या. दाढीवाले गृहस्थ मात्र हसले नाहीत. ते म्हणाले की नियम सगळ्या भाषांना सारखा आहे. एकाला सूट दिली की उद्या कोणीही काहीही विचारेल. आणि ज्याने तक्रार केली त्याचं काय? तो आधीच दुखावलेला आहे.

  आम्ही कोणी बोललो असतो तर अप्पांच्या बाजूचे म्हणून बोललो, असंच झालं असतं. अप्पांनी पेन्सिल खाली ठेवली.

तेव्हा तो काळा चौकोन उजळला. एक काळासावळा मुलगा, पंचवीस-सव्वीसचा, अंगात बनियन, मागे दोरीवर कपडे वाळत घातलेले.

"मी अमित," तो मराठीतच बोलला. "तक्रार माझी आहे आणि ती मी मागे घेत नाही. गाव विचारू नका, हे मी म्हणालो होतो. ते त्यांनी मान्य केलं. मला आजपर्यंत असं कोणी मान्य केलेलं नाही. पण या माणसाला हाकला, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ते तुमच्या यंत्राने ठरवलं. मला न विचारता माझ्या नावावर शिक्षा देऊ नका." तो थांबला, आणि जरा चिडूनच म्हणाला, "आणि अप्पा, समासाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही."

खोलीत मी आणि उन्मेष एकदमच हसलो. अप्पांनी पाटी ओढली. मी वाचलं, "जेवलास का?"

"नाही अजून," अमित म्हणाला.

"आधी जेव. समास कुठे पळत नाही."

उन्मेषने हे सगळं इंग्रजीत सांगितलं आणि इलोनाबाई एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. अप्पांना ठेवायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असं त्यांनी समितीला सांगितलं. एक हात, दुसरा हात, मग भराभर सगळे. दाढीवाल्यांनी सगळ्यात शेवटी वर केला, पण केला. लाल अक्षरं जायची होती आणि अप्पा राहणार होते. मास्तरांनी घरातली थाळी आणून चमच्याने वाजवली. आमच्या खिडकीतून ते ऐकून समोरच्या गॅलरीतली बाई बघायला आली, "काय हो शरच्चंद्र, मॅच जिंकली का?"

अप्पांनी तिला पाटी दाखवली. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं, नुसती उंच धरली होती, कप धरतात तशी.

निघता निघता इलोनाबाईंनी मला विचारलं, ती सुकटीची चटणी खरंच कशी करतात? मी सांगितली. उन्मेषने भाषांतर केलं. त्याने लसूण कमी सांगितला, मी त्याला पुन्हा सांगायला लावला.

त्या आठवड्यात 'पोथी'च्या जगभरच्या नियमांत दोन ओळी वाढल्या. कोणाचं गाव, घराणं, आडनाव विचारायचं नाही, ही एक. माणूस जेवला का असं विचारणं विषय सोडून धरलं जाणार नाही, ही दुसरी. पहिली अमितने सुचवलेली, दुसरी अप्पांची. हंगेरीच्या विभागातही लोक आता जेवण विचारतात, असं उन्मेष सांगतो.

अप्पा परत आले तेव्हा त्यांनी कट्ट्यावर लिहिलं, "तुम्ही सगळ्यांनी काय काय खाल्लं ते वाचून माझं पथ्य मोडलं. सांगलीच्या ताई, तुमची नक्षी कुठे राहिली?" त्याखाली एवढे निरोप आले की ते सगळे वाचायला मला महिना लागला. कोणी लिहिलं होतं की अप्पांमुळे त्याचं पहिलं पुस्तक झालं, कोणी लिहिलं होतं की बाप गेल्यापासून जेवलास का म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. अप्पांनी प्रत्येकाला उत्तर दिलं, आणि प्रत्येकाला वेगळं.

माझं पुस्तक पुढच्या दिवाळीच्या आधी छापून झालं. शेवटची पानं अप्पांनी तपासली आणि माझ्या लाइट बिलाच्या धड्यावर शेरा मारला, "एवढं मोठं बिल? धड्यात तरी कमी लावा." मंडळाच्या खोलीत आम्ही अकरा बायका शिकायला बसतो. मालन सगळ्यात पुढे. बसवरची पाटी वाचत ती परळच्या हॉस्पिटलात एकटी गेली आणि एकटी परत आली. त्या दिवशी चाळीच्या जिन्यापासून वरपर्यंत तिने दिसेल ते सगळं मोठ्याने वाचलं, दारांवरची नावं, गॅसचा नंबर, 'येथे थुंकू नये'. कोणी तिला गप्प केलं नाही.

अप्पांचं दुखणं २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा वर आलं. अमित ठाण्याहून दर रविवारी त्यांच्याकडे जायचा, शेजारी बसून त्यांची उत्तरं टाइप करायचा, आणि हळूहळू स्वतःची देऊ लागला. आता कट्टा तोच सांभाळतो. गमती त्याच्या वेगळ्या आहेत, जरा तिखट. शेवटच्या आठवड्यातही अप्पांच्या नावाने उत्तरं येत होती आणि त्यांच्या नावाखाली कुठेही लाल अक्षर नव्हतं.

अप्पा, म्हणजे शरच्चंद्र, गिरगावातल्या आपल्या खोलीत मंगळवारी, १२ मार्च २०२४ रोजी सकाळी वारले. त्यांचं वय एक्याऐंशी होतं.